फ्रूट कॉकटेल कडू का होते?

उन्हाळ्यात पाहुणे यायचे म्हटले, की अननस, पपई, आंबा, केळी एकत्र करून फ्रूट कॉकटेलचा बेत ठरतो. सकाळीच फळे चिरून, दूध-साखर घालून पातेले फ्रिजमध्ये जाते आणि दुपारी वाढताना ते कडवट लागते. दूध खराब होते, असे समजून दूधवाल्याला बोल लावले जातात. खरे कारण अननसात असते.

अननसात ब्रोमेलेन नावाचे विकर म्हणजे एन्झाइम असते. ते प्रथिनांचे तुकडे करते. दुधातल्या केसिन या प्रथिनाचे असे तुकडे झाले, की त्यातले काही चवीला कडू लागतात. कच्च्या पपईतले पपेनही हेच काम करते. म्हणून तर मटण लवकर शिजावे यासाठी त्याला कच्ची पपई लावतात. ताजा अननस घातलेली जिलेटिनची जेली घट्ट होत नाही, तीही याच कारणाने. चायना ग्रास मात्र प्रथिन नसल्याने व्यवस्थित जमते.

उपाय सोपा आहे. अननसाच्या फोडी थोड्या पाण्यात पाच-सात मिनिटे उकळून गार कराव्यात. उष्णतेने ब्रोमेलेन निकामी होते. डबाबंद अननस आधीच तापवलेला असल्याने त्याचा हा त्रास होत नाही. ताजा अननसच हवा असेल, तर दूध वगळून शहाळ्याचे पाणी वापरावे.

चौघांसाठी अननस व पिकलेली पपई यांच्या फोडी प्रत्येकी एक वाटी, एक आंबा, दोन केळी आणि अर्ध्या लिंबाचा रस पुरे. केळी सर्वांत शेवटी कापून लगेच लिंबू पिळावे. आम्लामुळे ती काळी पडण्याचा वेग कमी होतो.

फळे कापण्यापूर्वी सालीसकट वाहत्या पाण्यात धुवावीत, नाहीतर सालीवरचे जंतू सुरीबरोबर गरात जातात. पपई आंबट नसल्याने तिच्या फोडींवर जंतू सहज वाढतात. कापलेली फळे दोन तासांहून अधिक वेळ बाहेर ठेवू नयेत. पारा 32 अंशांच्या वर असेल, तर एका तासाच्या आत फ्रिजमध्ये ठेवावीत.

फळे मिक्सरमधून काढून गाळण्यापेक्षा फोडी चावून खाव्यात. गाळताना चोथ्याबरोबर बराचसा तंतू निघून जातो आणि साखर पटकन पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015च्या मार्गदर्शक सूचनांत फळांच्या रसातली साखर मोकळ्या साखरेत धरली आहे; अख्ख्या फळातली नाही. वरून साखर घालण्याची गरज पिकलेला आंबा असताना पडत नाही. मधुमेहींनी मात्र फोडींचेही प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

सजावटीसाठी हल्ली चांदणीच्या आकाराच्या चकत्या पडणारे स्टारफ्रूट वापरतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना ते देऊ नये. त्यातले कॅरॅम्बॉक्सिन हे मज्जासंस्थेला घातक द्रव्य निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकते. आजारी मूत्रपिंडाला ते जमत नाही. मग न थांबणारी उचकी, गोंधळलेपणा, झटके येऊ शकतात. काही रुग्ण दगावलेही आहेत. अशा रुग्णांनी पोटॅशियममुळे केळे आणि शहाळ्याचे पाणीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. म्हणून वाटी पुढे करण्याआधी पाहुण्यांच्या पथ्याची चौकशी जरूर करावी.