कवकरोधक औषधे, बाह्योपयोगी
त्वचा, नखे व श्लेष्मल त्वचा यांवर वाढणाऱ्या कवकांचा नाश करणाऱ्या किंवा त्यांची वाढ थांबविणाऱ्या, बाहेरून लावावयाच्या औषधांना ही संज्ञा देतात. मलम, क्रीम, भुकटी, विद्राव व नखांवर लावावयाचा रोगणासारखा लेप अशा स्वरूपांत ती मिळतात. ही औषधे सामान्यतः निर्धोक आहेत. अपाय होतो तो मुख्यत्वे चुकीच्या निदानामुळे, उपचार अर्धवट सोडल्यामुळे व स्टेरॉइडमिश्रित मलमांच्या वापरामुळे.

रोग व त्यांना पोषक परिस्थिती : त्वचाकवके ही त्वचा, केस व नखे यांतील केराटीन या प्रथिनावर जगतात. त्यांच्यामुळे अंगावर व जांघेत गजकर्ण (नायटा) होते आणि नखे जाड, पिवळट व ठिसूळ होतात. पायांच्या बोटांच्या बेचक्यांतील चिखल्यांतही त्यांचा पुष्कळदा भाग असतो. कँडिडा हे यीस्ट वर्गातील कवक ओलसर घड्यांत व सतत पाण्यात राहणाऱ्या हातांच्या नखांभोवती वाढते, तर शिबे हा विकार मॅलॅसेझिया या कवकामुळे होतो.

उष्णता, घाम व ओलावा ही या सर्वांना पोषक होत. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे गाव प्रवरा कालव्यांवरील उसाच्या पट्ट्यात आहे. या कालव्यांना पाणी पुरविणारे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. अशा बागायती भागात उसाला पाणी देताना दारे धरणाऱ्याचे पाय तासन् तास चिखलपाण्यात असतात, तर ऊसतोडणी करणाऱ्याचे अंग घामाने भिजलेल्या कपड्यांत असते. त्यामुळे येथे औषधाइतकेच अंग व पाय कोरडे ठेवण्याला महत्त्व आहे.

इतिहास : भारतात टाकळ्याचा पाला गजकर्णावर परंपरेने लावीत आले आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ‘गोवा पावडर’ या नावाची भुकटी गजकर्णावर प्रसिद्ध होती. ती मूळची ब्राझीलमधील एका वृक्षापासून मिळणारी असून पोर्तुगीजांमार्फत गोव्यात आली होती. तिच्यातील क्रायसारोबीन हे द्रव्य गुणकारी असले, तरी ते त्वचेचा व डोळ्यांचा दाह करी आणि कपड्यांवर डाग पाडी. विसाव्या शतकाच्या आरंभी आर्थर व्हिटफील्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे मलम प्रचारात आले. त्यात ६ टक्के बेंझॉइक अम्ल व ३ टक्के सॅलिसिलिक अम्ल असते. ते स्वस्त असल्याने आजही उपयोगात आहे. मात्र चेहरा व जांघ येथील नाजूक त्वचेवर ते झोंबते.

निस्टॅटीन हे प्रतिजैविक १९५० मध्ये अमेरिकेत शोधून काढण्यात आले. पुण्याजवळील पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या कारखान्यात मां. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास हॅमायसीन हे कवकरोधक प्रतिजैविक शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याला पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना असे नाव देण्यात आले. त्यानंतर क्लोट्रिमाझोल, मायकोनॅझोल इ. ॲझोल औषधे व पुढे टर्बिनाफीन ही औषधे प्रचारात आली.

क्रिया : कवकांच्या कोशिकापटलात अर्गोस्टेरॉल हे द्रव्य असते, मानवी कोशिकांत त्याऐवजी कोलेस्टेरॉल असते. निस्टॅटीन व हॅमायसीन अर्गोस्टेरॉलाशी संयोग पावून पटलास छिद्रे पाडतात, तर ॲझोल औषधे व टर्बिनाफीन त्याच्या निर्मितीत वेगवेगळ्या टप्प्यांवर अडथळा आणतात. प्रत्येक औषध प्रत्येक कवकावर चालत नाही. उदा., निस्टॅटीन कँडिडावर उपयुक्त असले, तरी गजकर्णावर त्याचा उपयोग होत नाही.

वापरण्याची पद्धत : रोगट भाग धुऊन पूर्ण कोरडा करावा. औषधाचा पातळ थर चट्ट्यावर व त्याच्या कडेबाहेर सु. २ सेंमी. पर्यंत लावावा, कारण कवक कडेकडून पसरत असते. प्रौढ व्यक्तीच्या तर्जनीच्या अखेरच्या पेराइतकी मलमाची रेघ (सु. अर्धा ग्रॅम) दोन तळहातांएवढ्या भागास पुरते. नंतर हात धुवावेत. डोळे व तोंड यांत औषध जाऊ देऊ नये. उपचार सामान्यतः २ ते ४ आठवडे चालतो. खाज प्रथम थांबते, चट्टा नंतर मावळतो व कवक सर्वांत शेवटी नष्ट होते. म्हणून त्वचा स्वच्छ दिसू लागल्यावरही औषध आणखी एक ते दोन आठवडे लावावे लागते. शिब्यांचे फिकट डाग मात्र कवक नष्ट झाल्यावरही काही महिने राहतात. तेवढ्यावरून उपचार फसला असे समजू नये.

टॉवेल, अंतर्वस्त्रे व पायमोजे यांत सामाईक वापर नसावा. ते गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. कंबरेचा करदोटा सतत ओला राहत असल्याने उपचाराच्या काळात काढून ठेवणे इष्ट. घरातील इतरांना रोग असल्यास सर्वांवर एकाच वेळी उपचार करावेत.

नखांचे रोग : नखाच्या कठीण पत्र्यातून औषध खोल शिरत नाही. म्हणून अमोरॉल्फीन किंवा सायक्लोपिरॉक्स यांचा लेप सौम्य व मर्यादित रोगातच पुरेसा ठरतो. लेप लावण्यापूर्वी नखाचा सुटलेला भाग कापून उरलेला घासतात. ती कानस दुसऱ्याने वापरू नये. हाताचे नख पूर्ण नवे येण्यास सु. ६ महिने, तर पायाच्या अंगठ्याचे येण्यास १२ ते १८ महिने लागतात. सोरायसिस, मार इ. कारणांनीही नख विद्रूप होते. त्यामुळे उपचारापूर्वी नखाच्या खरवडीची सूक्ष्मदर्शकाने तपासणी करणे योग्य.

स्टेरॉइडमिश्रित मलमे : क्लोबेटासॉल, बीटामेथॅसोन इ. स्टेरॉइडे दाह व खाज त्वरित शमवितात; परंतु त्वचेची प्रतिकारक्षमता दडपली गेल्याने कवक निर्वेध पसरते. मलम थांबविताच खाज अधिक जोराने परतते आणि रुग्ण पुन्हा तेच मलम लावतो. गजकर्णाची नेहमीची वर्तुळाकार कड नाहीशी होऊन निदानही अवघड होते; या अवस्थेचे वर्णन १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले. दीर्घ वापराने त्वचा पातळ होते व जांघेत कायमचे वळ उमटतात. भारतात २०१८ मध्ये त्वचेवर लावावयाच्या १४ स्टेरॉइडांचा समावेश चिठ्ठीशिवाय विक्रीस मनाई असलेल्या औषधांच्या अनुसूचीत करण्यात आला.

याच काळात भारतात गजकर्ण दीर्घकाळ टिकणारे व वारंवार उलटणारे झाले. त्यास कारणीभूत असलेले ट्रायकोफायटॉन इंडोटिनीई हे कवक २०२० मध्ये स्वतंत्र जाती म्हणून वर्णिले गेले. त्याच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिनाचा परिणाम होत नाही. म्हणून वेष्टनावरील सर्व घटकद्रव्ये वाचल्याशिवाय आणि शेजाऱ्यास गुण आला एवढ्यावरून कोणतेही मलम लावू नये.

वैद्याचा सल्ला केव्हा घ्यावा : दोन ते चार आठवड्यांत गुण न आल्यास, रोग डोक्यावर, चेहऱ्यावर किंवा अंगभर पसरल्यास, पू झाल्यास, तसेच मधुमेही, गर्भवती व शिशू यांच्या बाबतीत वैद्याचा सल्ला आवश्यक आहे. अशा काही रोग्यांना पोटात घ्यावयाची औषधे लागतात. ती यकृताची स्थिती व चालू असलेली इतर औषधे पाहूनच देतात. रक्त न गोठण्यासाठी वॉर्फरीन घेणाऱ्याने तोंडात लावावयाचे मायकोनॅझोलही स्वतःच्या मनाने वापरू नये, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. चट्ट्यावर स्पर्श जाणवत नसल्यास तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यावर मलमे लावीत वेळ दवडणे म्हणजे वेळीच बरा होणारा रोग मज्जातंतूंना इजा करीपर्यंत वाढू देणे होय.