कुलूपबंद साहित्य

आपल्या देशाचा १९५७ चा कॉपीराइट कायदा सहज चाळला, तर कला शाखेच्या विद्यार्थ्याला आश्चर्याचा धक्का बसेल. त्यातील साहित्यकृतीच्या व्याख्येत संगणकाच्या प्रोग्रॅमचाही समावेश आहे! म्हणजे कपडे धुण्याच्या यंत्रातील प्रोग्रॅम कथा-कादंबरीच्या पंक्तीला येऊन बसला आहे. परंतु हे साहित्य कोणी वाचू नये, यासाठीच त्याच्या कर्त्यांची धडपड चालते. असे का?

धुलाईयंत्र, विजेचा मीटर, रिक्षाचा मीटर यांच्या पोटात एक लहानशी चिप असते. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. पाणी किती घ्यावे, केव्हा थांबावे, या सूचना तिच्या स्मृतीत लिहिलेल्या असतात; वीज गेली तरी त्या पुसल्या जात नाहीत. या सूचना म्हणजेच फर्मवेअर. कोरी चिप बाजारात कोणालाही मिळते. खरे मोल असते ते महिनोन्‌महिने खपून लिहिलेल्या सूचनांचे. आणि चोराला त्या समजण्याचीही गरज नसते! शेजाऱ्याची उत्तरपत्रिका न कळता उतरवून काढणाऱ्या परीक्षार्थीप्रमाणे तो त्या जशाच्या तशा दुसऱ्या चिपमध्ये उतरवतो.

यावर पहिला उपाय म्हणजे कुलूप. इंटेल कंपनीच्या ८७५१ जातीच्या चिपला एक पारदर्शक खिडकी असे. तिच्यातून अतिनील किरण सोडले की स्मृती कोरी होई. या जातीत पुढे कुलपाचा एक बिटही आला. तो लावला की आतील मजकूर बाहेरून वाचता येत नसे. कुलूप काढायचे तर किरणांनी पुसावे लागे. पण त्याबरोबर प्रोग्रॅमही पुसला जाई. तिजोरी उघडताच आतील कागद जळून जावेत, तसाच हा प्रकार! आजच्या अनेक चिपांतही हेच तत्त्व वापरतात.

मग कुलूप अभेद्य झाले काय? नाही. केंब्रिज विद्यापीठातील सर्गेई स्कोरोबोगातोव आणि रॉस अँडरसन यांनी २००२ मध्ये चिपचे वरचे कवच काढले, सूक्ष्मदर्शकावर कॅमेऱ्याचा फ्लॅश बसवला आणि प्रकाशाच्या झोताने स्मृतीतील एकेक बिट बदलून दाखवला. विजेचा दाब क्षणभर खाली आणून चिपला चकवण्याची युक्तीही आहे. त्या गोंधळात कुलपाची तपासणीच चुकते.

कधीकधी मात्र चिप टिकते आणि माणूसच वाट काढतो. निन्टेंडो कंपनीने १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या खेळयंत्रात एक चिप आणि प्रत्येक खेळाच्या पेटीत तिची जोडीदार चिप असे. दोघींचा संवाद जुळला तरच खेळ चाले. अटारी गेम्स कंपनीने रसायनांनी चिपचे थर सोलून पाहिले, तरी प्रोग्रॅम पुरता उलगडेना. अखेर १९८८ मध्ये तिच्या वकिलाने, आपल्यावर खटला चालू आहे असे खोटेच सांगून, कॉपीराइट कार्यालयातून त्याची प्रत मिळवली! १९९२ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने अटारीविरुद्धचा मनाई हुकूम कायम ठेवला. मात्र त्याच निकालात न्यायालयाने म्हटले, की वैधपणे मिळालेली प्रत कल्पना समजून घेण्यासाठी उलगडणे रास्त ठरू शकते.

हा भेद आपण नीट ध्यानात घ्यावा. आपल्या कायद्यानेही १९९९ च्या दुरुस्तीने, वैध प्रत बाळगणाऱ्यास प्रोग्रॅमच्या कामाचे निरीक्षण करून त्यामागील तत्त्वे जाणण्याची मुभा दिली आहे. नक्कल आणि अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुलपाला मात्र तो फरक कळत नाही. ते चोराला अडवते, तसेच कंपनी बंद पडल्यावर जुने यंत्र दुरुस्त करू पाहणाऱ्या कारागिरालाही अडवते.

म्हणून जाणते अभियंते कुलूप लावतात, पण सारी भिस्त त्यावर ठेवत नाहीत. प्रत्येक यंत्राला ते निराळी गुप्त किल्ली देतात, म्हणजे एक फुटले तरी बाकीची सुरक्षित राहतात. कुलूप चोराचा वेळ आणि खर्च वाढवते, त्याला कायमचे रोखत नाही. लेखकाच्या श्रमाचे मोल राहावे आणि वाचकाची ज्ञानाची वाटही खुली राहावी, हा तोल चिपला साधत नाही. तो माणसालाच साधावा लागेल. आणि तिथे साहित्याच्या विद्यार्थ्यालाही बोलण्याचा अधिकार आहे.