खाणीच्या जागी पुनः अरण्य

जमीन खणून खनिज काढले तरी तिचे क्षेत्र तेवढेच राहते. जमीन मात्र तीच राहत नाही. आमच्या नोकरीची वर्षे महसुली दप्तरात गेली. सातबाऱ्यावर क्षेत्र, आकार व पीक यांची नोंद असते; वरच्या मातीच्या थराची नोंद कोठेही नसते. चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर या बाजूच्या शेतकरी बंधूंस उघड्या खाणींचे उजाड ढीग परिचित आहेतच. अशा जागी मूळचे रान पुनः उभे राहू शकेल काय, हा प्रश्न ज्यांच्या शिवारालगत खाण आहे अथवा येणार आहे, त्यांच्या हिताचा आहे. या कामी पश्चिम ऑस्ट्रेलियातील अनुभव दीर्घ काळाचा असल्यामुळे तो वाचकांस सादर करीत आहोत.

तेथील पर्थ शहराच्या पूर्वेस व आग्नेयेस डार्लिंग नावाची डोंगररांग आहे. तीवर जॅरा या निलगिरीच्या जातीचे अरण्य आहे. तिकडे मे ते सप्टेंबर हा हिवाळा असून बहुतेक पाऊस त्याच काळात पडतो. पुढे कित्येक महिने कोरडा उन्हाळा असतो. जमीन खडेमिश्रित व स्फुरदाने अत्यंत दरिद्री. जॅराची मुळे खालच्या चिकणमातीत खोलवर जाऊन ओल शोधतात, व त्याच बळावर झाड उन्हाळा काढते.

या डोंगरात १९६३ साली बॉक्साइटच्या खाणी सुरू झाल्या. जॅरास मूळकुजव्या रोगाची बाधा होत असल्यामुळे प्रारंभी खोदलेल्या जागेवर पाइन व पूर्व ऑस्ट्रेलियातील निलगिरी लावीत. झाडे झाली, परंतु मूळचे अरण्य परतले नाही. म्हणून १९८८ पासून जॅरा व मॅरी ही तेथलीच झाडे लावण्याचा क्रम पडला.

यातील मुख्य कृती मातीची आहे. खाणीपूर्वी वरचा सुमारे १५ सेंटिमीटरांचा थर निराळा काढतात व त्याखालील खडेमिश्रित मुरूम निराळा. रानातील बहुतेक बी अगदी वरच्या काही सेंटिमीटरांतच असते. माती दीर्घकाळ ढीग करून ठेवल्यास ते बी व उपकारक जीवजंतू नाश पावतात. म्हणून एका जागेची माती काढताच, शक्य तेथे, ती काम संपलेल्या दुसऱ्या जागेवर लागलीच पसरतात. खाली मुरूम, वर माती, हा मूळचा क्रम राखून.

दुसरी गोष्ट भुसभुशीतपणाची. जड यंत्रांच्या फेऱ्यांनी तळ दडपून कठीण होतो. मग पाणी मुरत नाही व मुळे खाली जात नाहीत. यासाठी उतारास आडवे, सुमारे दीड मीटर खोल लोखंडी फाळाने जमीन फोडतात. बांधबंदिस्तीचे महत्त्व जाणणाऱ्यांस याचा हेतू निराळा सांगावयास नको.

तिसरी गोष्ट वेळेची. पावसापूर्वी, ताज्या फोडलेल्या जमिनीवरच बी टाकतात. पावसाने वर खपली धरल्यावर ते नीट रुजत नाही. काही रानटी बी वणव्यानंतरच उगवते. धुरातील ज्या द्रव्याने हे घडते ते पश्चिम ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २००४ साली ओळखले. बियास धुराचा संस्कार देण्याची रीत त्याआधीपासूनच होती. स्फुरदाचे खत मात्र बेताने द्यावे लागते. ते अधिक झाल्यास तण व जलद वाढणारी द्विदल झुडपे माजतात आणि मंदगतीची झाडे दबतात. पिकास जे मानवते ते रानास मानवेलच असे नाही.

तथापि इतके करूनही सर्व काही परत येत नाही. तेथील काळे काकाकुवे जुन्या वृक्षांच्या ढोलीत अंडी घालतात, व तशी ढोली होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागतात. सबब जे रान न खणता राखता येईल ते राखणे हेच प्रथम.

आपल्याकडेही प्रयत्न झाले आहेत. नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगांवर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने साखर कारखान्यातील प्रेसमड, नत्र स्थिर करणारे जीवाणू व मुळांवरील उपकारक बुरशी यांच्या साह्याने झाडे वाढविली. जेथे वरची माती उरलीच नाही तेथे हा मार्ग आहे. परंतु मुळात माती राखणे सोपे. मँगनीज, लोखंड इत्यादी खनिजांस लागू असलेल्या २०१७ च्या खनिज संवर्धन व विकास नियमांत वरची माती निराळी काढून तिचा उपयोग करण्याविषयी तरतूद आहे.

म्हणून गावी खाणीची जनसुनावणी होईल तेव्हा मोबदल्याच्या आकड्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: वरची माती कोठे ठेवणार, ती कधी परत पसरणार, आणि मृगापूर्वी जमीन फोडून कोणती झाडे लावणार. उत्तरे लेखी घ्यावीत व त्यांची नक्कल ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी. सातबारा ज्या मातीची नोंद ठेवीत नाही, तिची नोंद गावानेच ठेविली पाहिजे.