सांध्यांची कैफियत – लेखांक सातवा : खुब्याचे जुने दुखणे

मागील लेखांकात गुडघ्याचा विचार करताना एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवली होती. ती अशी की, गुडघा दुखतो म्हणून दवाखान्याची पायरी चढणाऱ्या माणसांपैकी काहींचा गुडघा सर्वस्वी निर्दोष असतो आणि दुखण्याचे मूळ त्याच्या वर हातभर अंतरावर, खुब्याच्या सांध्यात असते. मांडीच्या आतल्या अंगाने उतरणारा एक मज्जातंतू या दोन्ही सांध्यांना शाखा देतो, त्यामुळे बिघाड वर होऊनही फिर्याद खाली दाखल होते. एका प्रौढ शिक्षिकेच्या गुडघ्यावर वर्षभर तेल, शेक, पट्टा आणि गोळ्या असे उपचार चालले होते. पुढे एकदा त्यांना खाटेच्या कडेला पाय सोडून बसविले आणि गुडघा जागच्या जागी धरून नुसते पाऊल बाहेरच्या बाजूस वळविले, त्यासरशी त्यांचा हात गुडघ्याकडे न जाता थेट जांघेत गेला. या तपासणीला अर्धे मिनिटही लागले नाही. परंतु तोपर्यंत त्यांच्या खुब्याकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते.

खुब्याचा सांधा हा शरीरातील सर्वांत खोल दडलेला सांधा होय. श्रोणीच्या हाडात एक वाटीसारखी खोबण आहे, तीत मांडीच्या हाडाचा गोल माथा बसतो, दोघांवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते आणि या सर्वांभोवती बळकट अस्थिबंधांचे व मांसल स्नायूंचे जाड वेष्टन असते. गुडघा सुजला तर डोळ्यांस दिसतो, खुबा सुजला तर दिसत नाही. आणि कूर्चेला स्वतःची संवेदना नसल्यामुळे झीज पुष्कळ होईपर्यंत माणसाला तिची वार्ताही लागत नाही. म्हणूनच या सांध्याच्या बाबतीत दुखण्याचा ठावठिकाणा नेमका विचारून घेणे हे निदानाचे पहिले आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे काम आहे. आपल्या लोकांत जांघेपासून माकडहाडापर्यंत कोठेही दुखले तरी ‘कंबर धरली’ एवढ्या एका जबानीवर काम भागविण्याचा शिरस्ता पडला आहे, आणि त्या जबानीवर विसंबून दिलेला इलाज पुष्कळदा भलत्याच जागी लागू होतो. त्यापेक्षा रुग्णाला एक हात दुखऱ्या जागेवर ठेवावयास सांगावे. जो अंगठा मागे व बोटे पुढे जांघेत अशा रीतीने खुब्याला कवेत धरतो त्याचे दुखणे बहुधा खुद्द सांध्यातले असते. जो तळवा मांडीच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्यावर ठेवतो त्याचे स्नायूंच्या कंडरांचे. आणि जो बसण्याच्या मांसल भागावर हात मारून दाखवितो त्याच्या बाबतीत आधी पाठीच्या कण्याकडे पाहावे.

यांपैकी बाहेरच्या बाजूचे दुखणे चाळीस ते साठ वयाच्या स्त्रियांत विशेष आढळते. त्या कुशीवर झोपू शकत नाहीत, जिना चढताना कळ येते, आणि फार वेळ बसून उठल्यावर पहिली चार पावले लंगडत टाकावी लागतात. पूर्वी या विकाराचे खापर त्या उंचवट्यावरील द्रवाच्या पिशवीच्या सुजेवर फोडले जात असे. परंतु सोनोग्राफी आणि एमआरआय यांच्या साह्याने असे दिसून आले की, बहुतेकांत मूळ दोष नितंबाच्या स्नायूंच्या कंडरा जेथे हाडाला चिकटतात तेथील झिजेत असतो. एका पायावर भार टाकून, त्या बाजूची कंबर बाहेर काढून उभे राहिले म्हणजे ती कंडरा हाडावर दाबली जाते. मूल कडेवर घेऊन तासन् तास वावरणाऱ्या आया आणि आज्या नकळत हेच करीत असतात. पायावर पाय टाकून बसल्यानेही तेच घडते. यास्तव पहिला उपाय म्हणजे तो दाब टाळणे : दोन्ही पायांवर समान भार देऊन उभे राहावे, आणि रात्री न दुखणाऱ्या कुशीवर निजून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी घ्यावी, म्हणजे वरचा पाय पुढे कलंडत नाही. गुडघा छातीवरून पलीकडे ओढून ‘शीर मोकळी करण्याचा’ जो ताण अनेक जण नेमाने देतात तो येथे अपायकारक ठरतो, कारण त्यानेही कंडरा हाडावरच दाबली जाते.

दुसरा उपाय व्यायामाचा, आणि त्याला चिकाटी लागते. उताणे निजून गुडघे वाकवावे, तळपाय जमिनीवर टेकवून कंबर सावकाश उचलावी, क्षणभर तशीच धरून सावकाश खाली आणावी. हे सहज जमू लागले म्हणजे दाराच्या चौकटीला हलका आधार घेऊन, कंबर कोठेही झुकू न देता एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा. व्यायामाने थोडे दुखले तर भिण्याचे कारण नाही, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल तर मात्रा कमी करावी. कंडरा बळकट होण्यास सुमारे तीन महिन्यांची मुदत द्यावी लागते, आणि बहुतेक रुग्ण तिसऱ्या आठवड्यातच निराश होऊन इंजेक्शनाकडे वळतात. ऑस्ट्रेलियात 204 रुग्णांवर केलेला एक तौलनिक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात आठ आठवड्यांच्या अखेरीस योग्य मार्गदर्शनासह व्यायाम करणारे रुग्ण स्टेरॉइडचे इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. इंजेक्शनाने तात्पुरता आराम पडतो हे मी नाकारीत नाही. पण ज्या स्नायूच्या दौर्बल्यामुळे हे दुखणे जडले त्याला त्या सुईने बळ येत नाही.

नितंबातील दुखण्याविषयी येथे थोडक्यातच लिहितो, कारण कण्यावरील लेखांकात त्याचा बहुतेक तपशील येऊन गेला आहे. कळ पोटरीच्या खाली पावलापर्यंत जात असेल, मुंग्या येत असतील, तर दोष कमरेच्या मणक्यांतील दबलेल्या मज्जातंतूचा समजावा. मात्र रुग्ण तरुण असेल, पहाटे दुखण्याने जाग येत असेल, उठल्यावर अर्धा-पाऊण तास अंग आखडलेले राहत असेल, आणि विश्रांतीने वाढणारे हे दुखणे हालचालीने उतरत असेल, तर तो कण्याचा दाहक संधिवात असण्याचा संभव असतो. अशा तरुणाला ‘वजन उचलू नकोस, पडून राहा’ हा सल्ला देणे म्हणजे त्याचे नुकसान करणे होय. त्याने संधिवाततज्ज्ञाकडे जावे, कारण वेळीच उपचार झाले तर कणा आणि खुबा दोन्ही वाचू शकतात.

आता जांघेतल्या दुखण्याकडे, म्हणजे खुद्द सांध्याकडे वळू. वार्धक्यातील झीज हे त्याचे जगभर सर्वाधिक आढळणारे कारण आहे. तिचे आगमन दुखण्याच्या आधी दिनचर्येतून कळते : पायाच्या बोटांची नखे कापताना हात पुरेनासा होतो, जोडवी चढविण्यासाठी सुनेला हाक मारावी लागते, मांडी घालून जेवायला बसले की एक गुडघा उंचच राहतो. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे खुब्याची अशी झीज कमी व गुडघ्याची अधिक, असे अस्थितज्ज्ञांचे निरीक्षण आहे. परंतु त्या समाधानात राहता येत नाही; कारण आपल्याकडे एक दुसरा विकार ऐन तिशी-चाळिशीतल्या माणसांचा खुबा निकामी करीत असतो.

मांडीच्या हाडाच्या माथ्याला रक्त पोहोचविणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक आहेत, आणि त्या हाडाच्या मानेला चिकटून वर चढतात. त्या तुंबल्या किंवा तुटल्या तर माथ्याला पर्यायी पुरवठा जवळजवळ नाहीच. मग आतील हाड मृत होते, काही महिन्यांत भाराखाली खचते, आणि वरची कूर्चा शाबूत असूनही सांध्याचा घाट बिघडतो. अतिरिक्त मद्यपान हे याचे एक कारण, अपघातात हाडाच्या मानेचा भंग होणे हे दुसरे, आणि स्टेरॉइड औषधांचे मोठे किंवा दीर्घकालीन सेवन हे तिसरे. करोनाच्या साथीत ज्यांचे प्राण या औषधांनी वाचले त्यांच्यापैकी काहींच्या खुब्यांत हा विकार पुढे आढळल्याचे 2021 साली मुंबईतील डॉक्टरांनी नोंदविले. ते औषध त्या वेळी आवश्यक होते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती गावोगावी ‘संधिवातावर रामबाण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांबद्दल, ज्यांत वनस्पतीच्या नावाखाली स्टेरॉइड मिसळल्याचे वेळोवेळी उघडकीस आले आहे. ज्या पुडीने दोन दिवसांत सर्व सांधे हलके होतात तिची खातरजमा केल्याशिवाय ती तोंडात टाकू नये, असे मी आपल्या वाचकांस कळकळीने सांगतो.

या विकाराचे चौथे कारण आपल्या राज्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या भागांत आणि तिकडे नंदुरबारकडे, आदिवासी व इतर काही समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यातील विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि खुब्याच्या हाडाचा माथा त्यांचे सहज भक्ष्य होतो. केंद्र सरकारने 2023 साली या रोगाच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. या भागांतील तरुण जांघेतल्या दुखण्याने लंगडू लागला तर खुब्याच्या चित्राबरोबर ही रक्ततपासणीही झालीच पाहिजे. येथे आणखी एक सावधगिरी लागते, ती ही की या विकाराच्या प्रारंभी साधा एक्स-रे निर्दोष येऊ शकतो. ‘फोटोत काही नाही’ म्हणून रुग्णाला परत पाठविले जाते, आणि माथा खचल्यावरच पुढच्या फोटोत दोष दिसतो. एमआरआयमध्ये तो पुष्कळ आधी कळतो, आणि माथा खचण्यापूर्वी कळला तर हाडाला छिद्र पाडून आतील दाब उतरविणाऱ्या लहान शस्त्रक्रियेने निदान काहींचा तरी सांधा टिकतो.

मुलांविषयी मात्र अंमळ कठोरपणे लिहावेसे वाटते. चार ते आठ वर्षांचे मूल काही आठवडे लंगडत असेल तर ते ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नये. त्या वयात खुब्याच्या माथ्याचा रक्तपुरवठा अकारण खंडित होणारा, पर्थीझ या नावाने ओळखला जाणारा रोग होतो, आणि सांध्याचा क्षयरोगही आपल्या देशातून गेलेला नाही. अंगाने स्थूल असा बारा-तेरा वर्षांचा मुलगा गुडघा दुखतो म्हणत पाऊल बाहेर वळवून चालू लागला, तर हाडाचा माथा आपल्या जागेवरून घसरत असण्याचा संभव असतो, आणि अशा वेळी त्याला चालवीत न नेता त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचविण्याची तजवीज करावी. हीच तातडी पडलेल्या वृद्धांना लागू आहे. हाडाची मान मोडून एकमेकांत रुतली असेल तर आजी चार पावले चालूही शकते, आणि ‘चालते आहे म्हणजे मुका मार असेल’ या समजुतीत बहुमोल दिवस जातात. याशिवाय ताप, उतरते वजन, किंवा कोणत्याही अवस्थेत न थांबणारी रात्रीची वेदना असेल तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

ज्यांचा सांधा झिजलेला आहे पण निकामी झालेला नाही, त्यांच्यासाठी औषधांपेक्षा अधिक गुणाची अशी एक वस्तू आहे, आणि ती म्हणजे काठी. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा धडाचा भार त्या खुब्याच्या आतल्या बाजूला पडतो. तो तोलण्यासाठी बाहेरच्या बाजूच्या स्नायूंना, त्यांचे अंतर कमी असल्यामुळे, भाराच्या कितीतरी अधिक जोराने ओढावे लागते. परिणामी साध्या चालण्यातही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, म्हणजे साठ किलोच्या माणसात दीडशे किलोच्या आसपास दाब येतो. काठी दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात धरली, तर तिचा आधार सांध्यापासून दूर पडल्यामुळे हाताच्या थोड्या जोरानेही स्नायूंचे काम पुष्कळ हलके होते. दुखऱ्या बाजूच्याच हातात काठी घेऊन चालणारे लोक रस्त्यात रोज दिसतात, आणि त्यांना हा लाभ फारच थोडा मिळतो. मिलवॉकीचे अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी 1956 साली केवळ काठीच्या समर्थनार्थ एक लेख लिहिला. वजनात पाच किलोंची घट झाली तर सांध्यावरचा भार तिच्या दुपटीहून अधिक उतरतो, हेही त्याच हिशेबातून निघते. वेदनाशामक गोळ्या मधूनमधून घेण्यास हरकत नाही. मात्र मूत्रपिंडाचा, रक्तदाबाचा किंवा जठरव्रणाचा विकार असलेल्यांनी त्या डॉक्टरांच्या हुकुमाशिवाय घेऊ नयेत.

एवढे करूनही रात्रीची झोप जात असेल आणि घरातल्या घरात वावरणे कठीण होत असेल, तर कृत्रिम सांध्याला भिऊ नये. इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयाचे जॉन चार्नली यांनी वाटीसाठी प्रथम टेफ्लॉन वापरले, आणि ते काही वर्षांतच झिजून गेले. टेफ्लॉनवर व नव्या पॉलिथिलीनवर ऊतींची काय प्रतिक्रिया होते हे पाहण्यासाठी त्यांनी दोन्हींचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून घेतले, आणि नोव्हेंबर 1962 पासून त्या नव्या वाटीत पोलादी माथा बसविण्यास आरंभ केला. आजच्या खुब्यांचा पाया तोच आहे. अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून 2019 साली काढलेल्या हिशेबानुसार बसविलेल्या खुब्यांपैकी शेकडा 58 पंचवीस वर्षे टिकतात. यास्तव सत्तरीतल्या माणसाने टिकाऊपणाची चिंता करू नये. पस्तिशीतल्याने मात्र ती करावी आणि निर्णय सावकाश घ्यावा.

शस्त्रक्रियेपूर्वी शल्यविशारदाला विचारण्याचे प्रश्न आपल्या राहणीतले आहेत : जमिनीवर मांडी घालून बसता येईल का, भारतीय पद्धतीचा संडास वापरता येईल का, आणि कधीपासून. पहिल्या काही आठवड्यांत सांधा निखळण्याचा धोका असल्यामुळे उकिडवे बसण्यास बहुधा मनाई असते. पुढची मोकळीक शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर आणि बसविलेल्या सांध्यावर अवलंबून असते. निंदणी-खुरपणीवर जिचा उदरनिर्वाह आहे तिने आपला व्यवसाय तपासणीच्या पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावा, आणि घरच्यांनी ती रुग्णालयातून परतण्यापूर्वी संडासात उंच बैठक व भिंतीला धरायला दांडा बसवून घ्यावा.

(पुढील लेखांक : आखडलेला खांदा)