मधमाशांची पेटी घरच्या घरीं

मधमाशा पाळण्याची हौस पुष्कळांना असते. परंतु विकतच्या पेटीची किंमत ऐकली कीं ती जागच्या जागीं विरते. वास्तविक ही पेटी म्हणजे एक तळ, चार भिंती, वर झाकण आणि आंत टांगलेल्या कांहीं चौकटी, एवढेंच. करवत व रंधा धरतां येणाऱ्या गृहस्थास ती जुन्या खोक्यांच्या फळ्यांतून सहज करतां येईल. मात्र काटकसर कोठें करावी व कोठें करूं नये, हें आधीं ठरविलें पाहिजे. लांकडांत काटकसर चालेल. मापांत चालणार नाहीं.

माप इतकें महत्त्वाचें कां? रानांत मध काढणारा धूर करून माशा हांकलतो, पोळीं कापतो आणि पिळतो. त्यांत अंडीं व अळ्या चिरडतात आणि पुष्कळदां सारी वसाहतच उजाड होते. पेटीचा हेतु हा संहार टाळण्याचा आहे. चौकट अलगद उचलावी, यंत्रांत फिरवून मध काढावा आणि रिकामें पोळें माशांस परत द्यावें. परंतु चौकट भिंतीला चिकटली, तर पेटी असून नसल्यासारखी. मग पुन्हा सुरी घ्यावी लागते.

चौकट सुटी कशी ठेवावी, याचें मर्म अमेरिकेंतील लँगस्ट्रॉथ नांवाच्या पाद्र्यांनीं १८५१ सालीं ओळखलें. माशांना जाण्यायेण्यापुरती नेमकी वाट ठेविली, तर त्या ती मोकळी सोडतात. वाट अधिक रुंद झाली तर तेथें जादा पोळें बांधतात. फार अरुंद झाली तर पाश्चात्त्य माशी ती राळेनें बुजविते. आपली सातेरी माशी राळ क्वचितच वापरते, पण रुंद फट दिसली कीं तीहि पोळें जोडतेच. तिच्यासाठीं ही वाट सुमारें ८ मिलिमीटर असावी.

आपल्याकडे सातेरीकरितां पुष्कळ ठिकाणीं न्यूटन पद्धतीची सात चौकटींची पेटी वापरतात. फादर न्यूटन यांनीं ती १९१० च्या सुमारास दक्षिण हिंदुस्थानांत बसविली. तिची चौकट आंतून सुमारें ८ इंच लांब व साडेपांच इंच उंच असते. एका चौकटीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सव्वा इंच, म्हणजे सुमारें ३२ मिलिमीटर, अंतर ठेवावें. इटालियन माशीचें अंतर ३५ मिलिमीटर असतें. तें माप येथें उचलूं नये.

आतां कामाचा क्रम. प्रथम चौकटी कराव्या, मग त्यांच्याभोंवतीं पेटी. बरोबर ८ मिलिमीटर जाडीची एक पट्टी तासून ठेवावी. चौकटीच्या बाजूस, खालीं व वर ती पट्टी सैल न पडतां सरकली, कीं माप जुळलें. प्रत्येक कोन गुण्यानें तपासावा. लांकूड वाळलेलें व हलकें असावें. तेलाचा किंवा औषधाचा वास लागलेलें खोकें कितीहि स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. आंतून रंग देऊं नये. बाहेरून जवसाचें तेल लावून पुरतें वाळूं द्यावें. झाकणावर जुन्या डब्याचा पत्रा ठोकला कीं पाऊस बाधत नाहीं. दार ८ मिलिमीटरच उंच ठेवावें, म्हणजे मोठ्या गांधीलमाशा आंत शिरत नाहींत. पेटी घोडीवर ठेवून घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे, म्हणजे मुंग्या चढत नाहींत. मेणाचे तयार पत्रे न परवडल्यास वरच्या पट्टीच्या खालच्या अंगास वितळलेल्या मेणाची एक रेघ ओढावी. माशा तिच्या आधारानें पोळें बांधूं लागतात. मध काढण्याचें यंत्र मात्र चार घरांत मिळून एक पुरे.

वसाहत रानांतून ओरबाडून आणूं नये. जाणत्या पाळणाऱ्याकडून घ्यावी आणि पहिला हंगाम त्याच्या सल्ल्यानें काढावा. महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें गांव २०२२ सालीं ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें. अशा ठिकाणीं चार दिवस राहून चौकट कशी उचलतात तें पाहिलें, तर पुष्कळ वाचनानें न येणारें ज्ञान मिळेल.

पेटी दिसण्यांत ओबडधोबड असली तरी माशांची तक्रार नसते. त्यांस हवी असते ती ८ मिलिमीटरची वाट. ती आपण दिली, तर त्यांचें घर न मोडतां आपल्याला मध मिळतो.