शब्दांची टांकसाळ आणि शब्दांचे चलन

नाणे टांकसाळीत पडते, पण त्याचे खरे मोल बाजारात ठरते. शब्दांचेही तसेच आहे. कारेल चापेक या झेक नाटककाराने आपल्या 1920 सालच्या नाटकात ‘रोबोट’ हा शब्द योजिला. तो त्याला सुचविला त्याच्या भावाने. आज जगातील बहुतेक भाषांनी तो जसाच्या तसा उचलला आहे, आणि मराठीही त्याला अपवाद नाही. इंग्रजीत असे शब्द लेखकांनी सहज लिहिता लिहिता घडविले व वाचकांनी ते स्वीकारले किंवा टाकून दिले. मराठीत मात्र शब्दनिर्मितीची रीतसर चळवळ झाली, आणि त्या चळवळीचे ठाणे रत्नागिरी हे होते.

1924 ते 1937 या काळात वि. दा. सावरकर रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. राजकारणास बंदी असल्याने त्यांनी अस्पृश्यतानिवारणाचे कार्य हाती घेतले, त्याचप्रमाणे भाषाशुद्धीचेही. ‘मराठी भाषेचे शुद्धीकरण’ ही त्यांची पुस्तिका 1926 सालची. या विचाराची अंगे दोन होती. मराठीत शिरलेले अरबी, फारसी व इंग्रजी शब्द दूर सारावेत हे एक, आणि नव्या वस्तूंना व व्यवहारांना संस्कृतच्या आधाराने स्वकीय नावे द्यावीत हे दुसरे. दिनांक, क्रमांक, महापौर, हुतात्मा, चित्रपट, दिग्दर्शक, प्राचार्य, दूरध्वनी अशी कितीतरी नाणी त्यांच्या टांकसाळीतील म्हणून सांगितली जातात. यांतील एखाददुसऱ्या शब्दाच्या जन्माविषयी वाद घालता येईल. पण ते आज रूढ आहेत याविषयी वाद नाही.

हे शब्द का रूढ झाले, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. केवळ घडणीचे सौंदर्य हे त्याचे उत्तर नव्हे. महापौराला महानगरपालिका मिळाली, प्राचार्यांना महाविद्यालय मिळाले, चित्रपटाला तिकीट काढून आत जाणारा प्रेक्षक मिळाला. ‘हुतात्मा’ हा शब्द घराघरांत पोहोचला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. मुंबईच्या फ्लोरा फाउंटनचा परिसर ‘हुतात्मा चौक’ झाला आणि मग त्या शब्दाला कोणाच्या शिफारशीची गरज उरली नाही. ‘दिनांक’ हा शब्द प्रत्येक अर्जाच्या माथ्यावर जाऊन बसला. पण गंमत अशी, की तोच अर्ज लिहिणारा कारकून शेजारच्याला विचारतो, “आज तारीख किती?” कागदावर दिनांक आणि तोंडी तारीख, अशी वाटणी भाषेने परस्पर करून टाकली आहे.

जेथे जुना शब्द व्यवहारात मुरलेला होता, तेथे मात्र नव्याचे काही चालले नाही. ‘कायदा’ हा अरबी शब्द म्हणून सावरकर ‘निर्बंध’ लिहीत. कायदा जागचा हलला नाही. निर्बंध मराठीत राहिला तो बंधन या अर्थाने, आणि 2020 च्या महामारीत तर तो रोजच्या बातमीतला शब्द झाला. खुद्द रत्नागिरीतही काही निराळे घडले नाही. मिरकरवाड्याचे ‘बंदर’ फारसी आणि त्यावरील ‘खलाशी’ अरबी. ते शब्द काढून टाकले तर समुद्रावरच्या माणसाला आपला धंदा सांगता येणार नाही. ज्या फळामुळे हा जिल्हा ओळखला जातो त्या ‘हापूस’चे मूळ तर पोर्तुगीज नावात आहे. हापूसचे शुद्धीकरण सुचविण्याचे धाडस कट्टर शुद्धिवादीही करणार नाही!

हा अनुभव नवा नव्हता. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी पदनामांना संस्कृत पर्याय दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव. सचिव आज मंत्रालयात नांदतो आहे. परंतु ‘पेशवा’ या फारसी शब्दाऐवजी पंतप्रधान हा शब्द दिला गेला, तरी पुढे त्याच मराठी राज्याचा कारभार शतकभर चालविला तो पेशवे म्हणूनच ओळखल्या गेलेल्या पुरुषांनी. माधव जूलियनांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. फार्सी-मराठी कोश रचणारे आणि गझलेचा छंद मराठीत रुजविणारे हे कवी पुढे शुद्धीच्या बाजूला गेले व त्यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. पण ‘गझल’ मराठीत राहिली ती त्याच परक्या नावाने.

1960 नंतर टांकसाळ शासनाकडे आली. भाषा संचालनालय स्थापन झाले, पदनामांचे व विविध शास्त्रांचे परिभाषा कोश निघाले. त्या शब्दांची टिंगलही पुष्कळ झाली. ती काही अंशी अन्यायाची होती, कारण नवा शब्द पहिल्या दिवशी बोजडच वाटतो. तथापि एक दोष नाकारता येत नाही. हे शब्द घडविताना बाजाराला फारसे कोणी विचारले नाही. परिणाम विद्यार्थ्याला भोगावा लागतो. कोकणातून महाविद्यालयात येणारा मुलगा ‘सीमांत उपयोगिता’ पाठ करतो आणि परीक्षेत उतरवून काढतो. त्याचे वडील दलालाकडून उचल घेऊन आंब्याच्या पेट्या वाशीला धाडतात. आडत, उचल, तेजी, मंदी हे शब्द त्याने लहानपणापासून ऐकलेले असतात. ‘तेजी-मंदी’ पाठ्यपुस्तकात आली म्हणून व्यापारचक्राचा धडा त्याला निदान समजतो. बाकीच्या शब्दांना दारातच थांबविले गेल्यामुळे घरचा व्यवहार आणि वर्गातले शास्त्र एकाच वस्तूविषयी बोलत आहेत, हे त्याच्या ध्यानात येत नाही. मराठी माध्यमातून उच्च शिक्षण यशस्वी होते की नाही, हे पुष्कळसे येथेच ठरते.

याचा अर्थ जड शब्द चालतच नाहीत असा मुळीच नाही. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला ‘भौगोलिक मानांकन’ मिळाले. हा जोडशब्द उच्चारायला सोपा नाही. तरी पेटीचा भाव त्याच्याशी निगडित आहे असे दिसताच बागायतदारांनी तो तोंडी बसविला. उलट, अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘चलनवाढ’ कितीही शास्त्रशुद्ध असली तरी नोकरदार वाट पाहतो ती महागाई भत्त्याचीच.