दूध धंदा वाढवताना वेताचे चक्र ओळखा

बाजारातून दोन संकरित गायी एकाच दिवशी आणल्या जातात. दोन्ही ताज्या व्यालेल्या असतात. पहिले तीन महिने दुधाचा पगार चांगला येतो, म्हणून त्या भरवशावर तिसरी गाय कर्जाने घेतली जाते. आठ-नऊ महिन्यांनी पहिल्या दोन्ही गायी एकदम आटतात. पगार घटतो, वैरण मात्र लागतच राहते आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. शेवटी गाभण गाय पडेल त्या भावाने विकावी लागते. असा अनुभव अनेकांना येतो. यात दोष गायीचा नसतो. धंदा कधी चढतो आणि कधी उतरतो हे आधी ध्यानात घेतलेले नसते.

एका वेताचे चक्र

गाय सुमारे ९ महिने ९ दिवस, तर म्हैस सुमारे १० महिने १० दिवस गाभण राहते. व्याल्यानंतर दूध वाढत जाऊन दीड ते दोन महिन्यांत सर्वाधिक होते. त्यानंतर ते हळूहळू उतरते. साधारण ३०५ दिवस दूध मिळते. पुढील विण्यापूर्वी किमान ६० दिवस जनावर आटवावेच लागते.

हे ६० दिवस तोट्याचे समजून काहीजण शेवटपर्यंत धार काढतात किंवा खुराक बंद करतात. ही मोठी चूक आहे. याच काळात पोटातील वासरू झपाट्याने वाढते आणि कासेला विश्रांती मिळते. उन्हाळ्यात नांगरून तापत ठेवलेल्या रानाला आपण पडीक म्हणत नाही. आटलेल्या गाभण गायीचेही तसेच आहे. तिला या दोन महिन्यांत नेहमीच्या खुराकाशिवाय १ ते १.५ किलो जादा खुराक द्यावा. पुढच्या वेताचे दूध येथेच ठरते.

हिशेब वेताचा धरावा

गायीच्या सर्वाधिक दुधाला २०० ने गुणले असता वेतातील एकूण दुधाचा ढोबळ अंदाज येतो. १२ लिटरपर्यंत चढणारी गाय वेतात सुमारे २,४०० लिटर दूध देते. दोन वेतांतील अंतर ४०० दिवस धरल्यास रोजची सरासरी ६ लिटर पडते. कर्जाचा हप्ता, वैरण आणि घरखर्च या ६ लिटरवर बसवावा, १२ वर नव्हे.

आता समजा, सलग चार माज हुकले. गाय दर २१ दिवसांनी माजावर येते, म्हणजे ८४ दिवस वाया गेले. दोन वेतांतील अंतर ४८४ दिवसांवर जाते आणि सरासरी ५ लिटरच्या आत येते. दूध नसलेले दिवस ९५ वरून १७९ होतात. गाय तीच आणि तिचे दूधही तेवढेच, पण धंदा तोट्यात जातो.

म्हणून व्याल्यानंतर ६० ते ९० दिवसांत गाय भरवावी. माज सकाळी दिसल्यास संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करून घ्यावे. त्या तारखेची नोंद ठेवावी. २१ व्या दिवसाच्या आसपास गाय पुन्हा माजावर येते का, हे पहाटे आणि रात्री पाहावे. न आल्यास तीन महिन्यांनी पशुवैद्यकाकडून गर्भतपासणी करून घ्यावी.

पुष्ट काळ आणि कृश काळ

वेताप्रमाणे वर्षाचेही एक चक्र असते. म्हशी बहुतेक पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत वितात. त्यामुळे हिवाळ्यात दूध भरपूर असते, हा पुष्ट काळ. उन्हाळ्यात दूध आणि हिरवी वैरण दोन्हींची टंचाई होते, हा कृश काळ. गायीला विण्याचा असा ठरावीक हंगाम नसतो. एप्रिलच्या सुरुवातीला भरवलेली गाय जानेवारीत विते आणि उन्हाळ्यात तिचे दूध चढते असते. मात्र त्यासाठी वैरणीची सोय आधी हवी. पावसाळ्यात मका पेरून दाणे चिकात असताना कापून मुरघास भरावा. तो ४५ ते ६० दिवसांत तयार होतो.

गायी केव्हा वाढवाव्यात?

१. सर्व जनावरे एकदम घेऊ नयेत. पहिली गाय व्याल्यावर पाच ते सहा महिन्यांनी दुसरी ताजी व्यालेली गाय घ्यावी. एक उतरू लागते तेव्हा दुसरी चढते आणि पगार खंडत नाही.

२. आधी वैरण, मग गाय. एका संकरित गायीला रोज २० ते २५ किलो हिरवा आणि ५ ते ६ किलो वाळला चारा लागतो. म्हणजे वर्षाला ७ ते ९ टन हिरवा आणि सुमारे २ टन वाळला. यशवंत किंवा फुले जयवंत गवत, लसूणघास आणि कडवळ यांची लागण झाल्याशिवाय दावणीला नवी गाय बांधू नये.

३. घरची कालवड ही सर्वांत खात्रीची वाढ आहे, पण तिला वेळ द्यावा लागतो. चांगल्या संगोपनात ती अडीच वर्षांच्या आसपास विते, हयगय झाल्यास तीन वर्षे उलटतात. तोवर ती फक्त खाणार, हे हिशेबात धरावे. शिवाय निम्मी वासरे नर निघतात.

४. चढत्या दुधाच्या काळात शिल्लक टाकावी. ३०५ दिवसांत दहा-दहा दिवसांचे सुमारे ३० पगार मिळतात आणि ९५ दिवस दूध नसते. म्हणून प्रत्येक पगारातून त्या गायीच्या तीन दिवसांच्या चारा-खुराकाचा खर्च बाजूला काढावा. मग आटलेली गाय स्वतःच्या पैशावर खाते, विकावी लागत नाही.

५. कर्ज घेताना कोणते महिने दुधाचे आणि कोणते आटण्याचे, हे बँकेला कागदावर दाखवावे. हप्ते त्याप्रमाणे पाडून देता येतील का, हे आधीच विचारावे.

गोठ्यात एक वही टांगून ठेवावी. प्रत्येक गायीची विण्याची, माजाची, भरवल्याची आणि आटवल्याची तारीख तीत लिहावी. पुढील वर्षी कोणत्या महिन्यात किती गायी दुधात राहतील हे त्या वहीवरून आजच सांगता येते. ते सांगता आले, म्हणजे नवी गाय घेण्याची वेळ आली की नाही हेही कळते.